मंजुरीचा महिना कसा ओळखावा : शहापूर-मुरबाडच्या नवशिक्यांसाठी

अमेरिकेत दर महिन्याच्या मध्याला, सकाळी साडेआठच्या ठोक्याला, तिथलं जनगणना खातं तीन आकडे सांगतं. गेल्या महिन्यात देशभर किती घरांना बांधकाम परवाने मिळाले, किती घरांची कामं सुरू झाली आणि किती पुरी झाली. आकडे पडले की बाजार हलतो, व्याजदरावर वाद झडतात, लाकूडवाले खूश किंवा नाखूश होतात. ऑस्ट्रेलियातही मंजुऱ्यांचा असाच मासिक आकडा निघतो. अमेरिकेतले साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सहा किंवा सात. त्या वेळी आसनगावच्या फलाटावर कसारा लोकल रिकामी होत असते. उतरणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पिशवीत भाजी असते आणि उरलेल्यांच्या डोक्यात प्लॉट.

माझा भाचा डोंबिवलीला राहतो आणि एका कंपनीत लोकांना घरबांधणीचे कल समजावून देतो. त्याने एकदा फोन केला, "मामा, शहापूर-मुरबाडचा मंथली ट्रेंड काय म्हणतोय?" मी म्हटलं, "थांब, बघून सांगतो." बघण्यात तीन वर्षं गेली. जे हाती लागलं ते नवशिक्यांच्या सोयीसाठी इथे देतो आहे. जाणकारांनी वाचू नये, त्यांना हे माहीत असतं आणि ते बोलत नाहीत.

साहित्य : शंभर पानी वही, मोटारसायकल, भिंतीवरचं कालनिर्णय, आणि कोणाच्याही ओटीवर दुसऱ्या चहाला नाही न म्हणण्याची तयारी. रेनकोट नसला तरी चालेल. तो ज्या चार महिन्यांत लागतो, त्यांत मोजण्यासारखं काही नसतं.

पायरी पहिली. मंजुरी कुठे मिळते ते शोधा.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायत. तिथे फेब्रुवारी २०२१ पासून बरंच सोपं झालं आहे. साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे जायची गरज नाही. मालकीचे कागद, परवानाधारक अभियंत्याने सही केलेला नकाशा आणि शुल्क दिलं की झालं. १,६०० ते ३,२०० पर्यंत असेल तर ग्रामपंचायतीने दहा दिवसांत दाखला द्यायचा. घर गावठाणाच्या वेशीबाहेर पण २०० मीटरच्या आत असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड आणि तहसीलदार. इथे वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही, रूपांतरण कर भरावा लागतो. २०० मीटर कुठून मोजायचे, यावर मी दोन भावांना एका बांधावर टेप धरून सकाळपासून दुपारपर्यंत उभं राहिलेलं पाहिलं आहे. त्यापलीकडे गेलात की जिल्हाधिकारी आणि नगररचना, म्हणजे ठाणे, म्हणजे डोळखांबहून जीप, आसनगावहून लोकल आणि एक दिवसाची मजुरी. शहापूर किंवा मुरबाड गावात असाल तर नगरपंचायत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत असाल तर एमआयडीसी. सातबाऱ्यावर इतर हक्कांत 'खाजगी वन' असा शेरा असेल तर वनखातं, आणि मग नातवाच्या नावाने अर्ज करावा हे बरं. जमीन आदिवासीची असेल तर ती बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, कलम ३६-अ. आणि शहापूर तालुका सगळाच्या सगळा, मुरबाडचाही काही भाग, अनुसूचित क्षेत्रात आहे.

३ डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही भाग वगळता राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. नियम एक झाले, खिडक्या होत्या तेवढ्या राहिल्या. मध्यंतरी तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. नवशिक्याने याने गोंधळून जाऊ नये. दोघांनाही हाक 'भाऊसाहेब' अशीच मारायची.

आता या सगळ्या वह्यांची महिन्याची बेरीज कोण करतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. एका कचेरीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "कशाला पायजे?" या प्रश्नाला उत्तर नसतं. आपल्या देशात राष्ट्रीय आवास बँक घरांच्या किमतींचा निर्देशांक काढते, पण तो शहरांचा आणि तिमाही. सिमेंट किती निघालं ते मात्र केंद्र सरकार दर महिन्याला सांगतं. तेव्हा सिमेंटपासून सुरुवात केलेली बरी. ते दुकानात जाऊन पाहता येतं आणि दुकानदार 'कशाला पायजे' असं न विचारता 'किती पायजे' असं विचारतो.

पायरी दुसरी. क्रम पाठ करा.

परदेशी पुस्तकांत क्रम असा दिलेला असतो : परवाना, सुरुवात, पूर्तता. आमच्याकडे आधी मोठ्या मुलीचं लग्न ठरतं. मग पाहुणे येणार, बसायला जागा नाही, म्हणून पडवी काढायची ठरते. मग मुरबाडहून गवंडी येतो, जागा पाहतो आणि पडवीचा खर्च दोन खोल्यांइतकाच सांगतो. मग डबर पडतो, जोता भरतो, मुरूम ठोकला जातो. भिंती, पत्रा, वीजमीटर. मग घरपट्टी लागावी म्हणून अर्ज, मग नमुना आठच्या उताऱ्यावर नाव. आणि या सगळ्यानंतर, बँकेचं कर्ज काढायचं झालं किंवा भावाने तक्रार केली, तरच परवानगी.

नमुना आठवर नाव चढलं म्हणजे घर मंजूर झालं, अशी ठाम समजूत मी निदान दहा गावांत ऐकली आहे. ती चुकीची आहे. घरपट्टी ही बांधकामावर बसते, मग ते परवानगीचं असो की बिनपरवानगीचं. पण हे ओटीवर बसून सांगू नये. घरमालक उठून आत जातो आणि कपाटातून पत्र्याची पेटी घेऊन येतो. त्या पेटीत आजोबांच्या वेळच्या पावत्या असतात आणि त्या एकेक करून वाचाव्या लागतात.

त्यामुळे परवान्यांचा आकडा पाहून सहा महिन्यांनी किती घरं उठतील हा अमेरिकन हिशेब इथे उलटा धरायचा. परवान्यांची संख्या वाढली म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी पुष्कळ लग्नं झाली होती असं समजावं.

पायरी तिसरी. ऋतुमान काढून टाका.

तज्ज्ञ लोक मासिक आकड्यातून ऋतूचा परिणाम वजा करतात, म्हणजे थंडीत कामं कमी झाली तर मंदी आली असं वाटू नये. ही क्रिया शहापूर-मुरबाडला करून पाहा. उत्तर शून्य येतं.

आषाढ-श्रावणात गवंडी आपल्या शेतात लावणीला असतो. भाद्रपदात गणपती आणि मग पितृपक्ष, त्यात विटेला वीट लावायला कोणी धजत नाही. पण याच पंधरवड्यात बोलणी सर्वात जास्त होतात, हे वहीत टिपून ठेवा. दसऱ्याला नारळ फुटतो. फुटलेला नारळ म्हणजे सुरुवात असं धरू नका, कारण लगेच भातकापणी येते, मग झोडणी, आणि बिगारी मिळत नाही. खरी सुरुवात मार्गशीर्षात. पौषात शुभकार्य नको म्हणून नवं काम निघत नाही, चालू असलेलं चालतं. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, खांबलिंगेश्वराची. तिथे बैल पाहायला गेलेला माणूस तीन दिवसांनी दार-चौकटीचा सौदा करून येतो, असंही होतं. माघ-फाल्गुन हे दोन महिने खरे. मिक्सरचा आवाज या महिन्यांत वाडीवाडीवर ऐकू येतो आणि नवशिक्याला वाटतं की देश पुढे चालला आहे.

चैत्र-वैशाखाची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. स्लॅब याच दिवसांत पडतो, कारण पावसाच्या आत पडायला हवा. स्लॅबला पाणी लागतं. टाकताना लागतं त्याहून जास्त नंतर लागतं. आळी बांधून त्यात निदान आठ-दहा दिवस पाणी भरलेलं ठेवावं लागतं, नाहीतर तो तडकतो. तानसा धरण १८९२ पासून शहापूर तालुक्यात आहे आणि मुंबईला पाणी देतं आहे. भातसाही इथलंच. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा निम्मा वाटा एकट्या भातशाचा. आणि शहापूरच्या कित्येक पाड्यांवर वैशाखात टँकर येतो. टँकर प्यायच्या पाण्याचा असतो, त्यातलं पाणी स्लॅबला मारायचं नसतं. तेव्हा स्लॅबला पाणी कुठून येतं, ते विचारू नका. सकाळी सहाला बाया हंडे घेऊन विहिरीवर जातात. त्यांतले दोन हंडे स्वयंपाकघरात जातात आणि दोन जिन्याने वर.

आचारसंहितेचा एक वेगळा ऋतू आहे. २०२४ साली तो दोनदा आला. १६ मार्चला लोकसभेचा, म्हणजे फाल्गुन-चैत्र-वैशाख गेले, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेचा, म्हणजे दिवाळी गेली. या काळात नव्या लाभार्थ्याला मंजुरी नाही. बिनमंजुरीची कामं मात्र या काळात जोरात असतात, कारण साहेबमंडळी निवडणुकीच्या कामावर गेलेली असतात.

पायरी चौथी. फलक वाचायला शिका.

ही पायरी सोपी आहे. कल्याण-मुरबाड रस्त्याने किंवा नाशिक महामार्गाने जा आणि फलक मोजा. 'एनए बंगलो प्लॉट', 'डोंगर-नदीच्या कुशीत', 'स्टेशनपासून १० मिनिटे'. ही दहा मिनिटं कोणी आणि कशावर बसून मोजली, ते संशोधनाचं आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला, त्या सुमाराला फलकांची पेरणी भाताच्या आधी उरकली. मुरबाडच्या रेल्वेचं म्हणाल तर ती पिढ्यान्पिढ्या येते आहे, आणि दर वेळी यायची बातमी आली की गुंठ्याचा भाव एक स्टेशन पुढे जातो.

फलकात खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर तो लागतो. 'फार्महाऊस प्लॉट' लिहिलेलं असेल आणि प्लॉट पाच गुंठ्यांचा असेल तर मोटारसायकल थांबवू नका. शेतघराला ४० गुंठे लागतात, आणि शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा आहे. २०२५ मध्ये तो काही भागांत सैल केला गेला, पण फलकावर 'तुकडेबंदी उठली' असं लिहिणाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचलेला असेल, याची खात्री मी देणार नाही.

फलक हा मंजुरीचा पुरावा नाही. शेजारी रोवलेलं लोखंडी गेट हाही नाही. या भागात गेट, कुंपण आणि विजेचा खांब हे तिन्ही घरापेक्षा आधी येतात. काही ठिकाणी घर येतच नाही, आणि गेटातून आत-बाहेर फक्त म्हशी करतात. गेट उघडं असेल तर.

पायरी पाचवी. घरकुलाचा फोटो.

राष्ट्रीय आकड्यात आमचा खरा वाटा इथून जातो, म्हणून ही पायरी लांब आहे.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण नोव्हेंबर २०१६ला सुरू झाली. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, घर निदान २५ चौरस मीटरचं, शिवाय रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी. पैसे हप्त्याने येतात आणि प्रत्येक हप्त्याआधी फोटो : जोता, लिंटल, छप्पर. फोटोत लाभार्थी हवा, बांधकाम हवं, आणि तो कुठे काढला हे मोबाईलने आपोआप नोंदवायला हवं. देशात दुसऱ्या कुठल्या घराची इतकी छायाचित्रं निघत असतील असं मला वाटत नाही. बंगल्यांचीसुद्धा नाही.

इथे मासिक कल फार चमत्कारिक दिसतो. २२ फेब्रुवारी २०२५ला पुण्यात एका कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं दिली गेली, एका दिवसात. भाच्याला मी हा आकडा दिला तेव्हा त्याने विचारलं, "मामा, एक शून्य जास्त पडलं का?" नाही म्हटलं, बरोबर आहे. त्याच्या आलेखात त्या महिन्याला असा सुळका उठला की त्याला माहुलीगड म्हणावं.

दुसरा सुळका त्याच्या वर्षभर आधीचा. कातकऱ्यांसारख्या अतिवंचित आदिवासी जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन आलं, घराला २ लाख. १५ जानेवारी २०२४ला देशभरातल्या एक लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता एका दिवशी सुटला. त्या दिवशी संक्रांत होती. आणि संक्रांतीला आमचे कातकरी घरी नसतात. दिवाळी झाली की ते उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणकडे, थेट पावसाच्या तोंडापर्यंत.

यावर एक प्रत्यक्ष धडा. एका फाल्गुनात डोळखांबच्या बाजूला एका वाडीवर मी वही घेऊन गेलो होतो. घरकुलाचे इंजिनिअर फोटो काढायला आले होते, तरुण पोरगा, घामाने भिजलेला. जोता भावकीने भरला होता, गुडघाभर उंच, डबराच्या सांध्यांत अजून माती ओली. नाव मुलाचं होतं. समोर म्हातारी आली, हातात पाटी.

"आजी, पोरगा कुठंय?"

"भट्टीवं."

"कधी येईल?"

"हिशोब झाल्यावं."

इंजिनिअरने मोबाईल उभा धरला, आडवा धरला. पाटीवर ऊन पडत होतं, अक्षर दिसेना. म्हातारीने पाटी पदराने पुसली, अर्धं नाव गेलं. मी खडूने परत लिहिलं. "आजी, जरा इकडे बघा." तिने जोत्याकडे पाहिलं. "आजी, लाभार्थी नाही ना तुम्ही, तुमचा मुलगा लागेल," असं म्हणून तो खाली बसला, पाणी प्यायला, आणि मग मुलाला बोलावून घ्यायचं ठरलं. मुलगा आला तर भट्टीवाला त्या दिवसाची खर्ची कापणार आणि गाडीभाडं वेगळं.

मी सावलीत बसून हिशेब केला, नवशिक्याने तो पाठ करावा. २५ चौरस मीटरच्या घराला, आतली एक भिंत धरून, सात-आठ हजार विटा लागतात. मजुरी हजार विटांवर मिळते, आणि नवरा-बायको मिळून दिवसाला हजाराच्या आसपास विटा थापतात. म्हणजे त्या घराच्या विटा ही त्या दोघांची आठवडाभराची थापणी. ते दिवाळीपासून चार-पाच महिने तेच करत होते. घराला लागणाऱ्या विटा मात्र हप्त्याच्या पैशांतून विकत आणायच्या होत्या.

मुलगा आला चार दिवसांनी, शनिवारी रात्री. रविवारी फोटो निघाला. तिथे रेंज नव्हती, म्हणून फोटो काढून इंजिनिअर टेकाडावरच्या आंब्याखाली जाऊन उभे राहिले आणि हात वर करून मोबाईल धरला, पावसाची प्रार्थना करतात तसा. सोमवारी पहाटे मुलगा परत भट्टीवर.

पायरी सहावी. अहवाल लिहा.

इतकं झाल्यावर अहवाल सोपा आहे. नमुन्यादाखल माझ्या वहीतलं त्या चैत्राचं पान देतो. सिमेंटच्या गोण्या : दुकानदार म्हणतो बऱ्या, त्याचा भाऊ म्हणतो मंद. मिक्सर ऐकू आले : पाच, त्यातला एक देवळाचा. नवे फलक : सात. नवं गेट : एक. स्लॅब : तीन, एका ठिकाणी आळं फुटलं. ग्रामपंचायतीत परवानगीचा अर्ज : एक, तोही मागच्या वर्षी बांधलेल्या घरासाठी. जोता : एक, फोटोसह. लिंटल : विटा आल्या नाहीत.

भाच्याने हे वाचलं आणि विचारलं, "मामा, याचा अर्थ वर जातोय की खाली?"

"तू कुठे उभा आहेस त्यावर," मी म्हटलं, पण त्याला ते लिहिता येण्यासारखं नव्हतं. त्याने 'स्थिर' असं लिहिलं.

ज्येष्ठात पहिल्या वळवानंतर मी परत त्या वाडीवर गेलो. भट्टीवरून माणसं आली होती. हिशेब झाला होता, उचलीतलं काही फिटलं होतं आणि काही पुढच्या दिवाळीवर गेलं होतं. मुलगा शेताच्या बांधाला लागला होता. आता घराचं काम दसऱ्यानंतर बघू म्हणाला, म्हणजे भट्टीवर जायच्या दिवसांत. म्हातारी जुन्या कुडाच्या घरातच होती, छपरावर निळी ताडपत्री आणि तिच्यावर दगड. वाडीभर चिखल झाला होता, कोरडी जागा एकच राहिली होती. वहीत त्या महिन्यापुढे मी लिहिलं : जोता एक, वर बांधलेल्या शेळ्या तीन.